डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थिनी आणि तिची मार्गदर्शिका: कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

कोल्हापुरातील काही अभियंते, शिक्षक आणि बँक कर्मचारी मिळून तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी एक छोटा मार्गदर्शन उपक्रम चालवतात. एका विद्यार्थ्यासोबत एक अनुभवी व्यक्ती, भेटी महिन्यातून किमान दोनदा आणि सोबत किमान एक वर्ष, अशी त्याची साधी रचना आहे. एका वर्षाची अट विचारपूर्वक घातलेली आहे. अमेरिकेत अशा जोड्यांचा जो अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभर किंवा अधिक काळ टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वांत जास्त लाभ झालेला दिसला, तर पहिल्या काही महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा विश्वास उलट घटलेला आढळला. अर्धवट सोडलेली सोबत निरुपद्रवी नसते, ही गोष्ट आम्ही मार्गदर्शकांना पहिल्याच बैठकीत सांगतो.

जोड्या लावणे आणि त्यांची विचारपूस करणे हे काम माझ्याकडे असल्याने या प्रकरणाच्या नोंदी माझ्याजवळ आहेत. विद्यार्थिनी, तिचे आईवडील आणि मार्गदर्शिका यांच्या संमतीने हे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत आणि कोणाचेही नाव दिलेले नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये ही जोडी लागली, तेव्हा विद्यार्थिनीने नुकतीच वयाची अठरा वर्षे पूर्ण केली होती आणि ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षात होती. तिचे गाव करवीर तालुक्याच्या पश्चिम भागात आहे. घरची शेती थोडी, त्यात ऊस. गोठ्यात दोन म्हशी. दूध गावच्या संस्थेमार्फत गोकुळला जाते आणि दर दहा दिवसांनी येणारे बिल आईच्या नावावर जमा होते. वडील शेतीबरोबरच हंगामात दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. धाकटा भाऊ नववीत होता. मुलीने शिकू नये असे या घरात कोणीही कधी म्हटलेले नव्हते, हे आधीच स्पष्ट करायला हवे, कारण अशा प्रकरणांत वडिलांना खलनायक ठरवण्याची घाई फार होते. दहावीनंतर तिला डिप्लोमाला घालण्याचा निर्णय वडिलांचाच होता आणि रोज सकाळी तिला दुचाकीवरून एसटीच्या थांब्यापर्यंत सोडणारेही तेच होते.

अडचण

शिक्षकांनी तिचे वर्णन केले ते असे: हुशार आहे, वह्या पूर्ण असतात, पण बोलत नाही. लेखी परीक्षेत तिला उत्तम गुण मिळत आणि तोंडी परीक्षेत ते घसरत. वर्गात मुली मोजक्याच होत्या. वर्कशॉपमध्ये लेथवर उभे राहण्याची वेळ आली की मुले पुढे होत आणि मुली रीडिंग लिहून घेत. ही वाटणी कोणी ठरवलेली नव्हती. ती आपोआप होत गेली आणि तीन वर्षांत पक्की झाली.

पुढे काय करायचे आहे, या प्रश्नावर तिचे उत्तर एकच होते: "जे मिळेल ते." आमच्यापैकी काहींनी याचा अर्थ महत्त्वाकांक्षा नाही असा लावला. मला तो पटला नाही. तिला माहीत असलेला प्रत्येक पर्याय आजवर दुसऱ्या कोणीतरी निवडलेला होता. मेकॅनिकल शाखासुद्धा यादीत नंबर लागला म्हणून मिळालेली. जिथे आपल्या पसंतीने काहीच बदलत नाही, तिथे माणूस हळूहळू पसंती बाळगणेच सोडून देतो. त्यामुळे तिला मोठी स्वप्ने पाहायला सांगणे निरर्थक ठरले असते. आधी तिच्या म्हणण्याने एखादी गोष्ट बदलते, हा अनुभव तिला यायला हवा होता, आणि तो कसा देता येईल हा या प्रकरणाचा गाभा आहे.

जोडी लावताना

आमच्यासमोर तीन नावे होती. पहिले, त्याच भागातील एक निवृत्त शिक्षक. वडिलांना ते माहीत होते आणि घरच्यांचा विश्वास लगेच बसला असता. दुसरे, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करणारी मूळची कोल्हापूरची तरुणी. बोलण्यात अतिशय मोकळी, पण भेटी फोनवरूनच होणार होत्या. तिसरे, शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या अभियंत्या. त्या स्वतः डिप्लोमा करून, मग थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेऊन पदवीधर झालेल्या, हातकणंगले तालुक्यातल्या एका गावातून रोज एसटीने येऊन शिकलेल्या. स्वभावाने मात्र थोड्या रोखठोक, आणि वेळेची चणचण कायमची.

निवृत्त शिक्षकांच्या बाजूने मत जास्त होते. अखेर निवड अभियंत्या बाईंची झाली, ती एका विचाराने. कोल्हापूरच्या प्रत्येक मुलीला राही सरनोबत माहीत आहे. 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिने नेमबाजीत मिळवलेले सुवर्णपदक येथे घरोघरी साजरे झाले. त्याचा अभिमान वाटतो, पण ते यश पाहून शिरोलीतल्या कारखान्याचे फाटक ओलांडता येईल असे वाटू लागत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांनी 1977 मध्ये मांडलेल्या विवेचनात 'हे मला जमेल' या विश्वासाचे चार स्रोत सांगितले आहेत: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन आणि त्या वेळची शरीरमनाची अवस्था. यांतला पहिला सर्वांत बलवान. दुसऱ्यात 'आपल्यासारख्या' या अटीला महत्त्व आहे. एसटीच्या वेळापत्रकावर आपला दिवस बसवणारी, इंग्रजीतल्या पहिल्या मुलाखतीत अडखळलेली आणि आता कास्टिंग (साच्यात ओतून बनवलेला धातूचा भाग) नाकारण्याचा अधिकार असलेली बाई विद्यार्थिनीच्या दोनच पायऱ्या पुढे उभी होती.

वडिलांचा विश्वास बसावा म्हणून त्या शिक्षकांनाच आम्ही पहिल्या भेटीला सोबत नेले. भेटीच्या जागा, मार्गदर्शिकेचे नाव, तिचा फोन नंबर आणि कामाचे ठिकाण हे सारे घरी लेखी दिले. आर्थिक मदत मार्गदर्शकाने परस्पर करायची नाही, हा नियमही तेव्हाच सांगितला. पुढे परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या वेळी मार्गदर्शिकेला तो मोडण्याचा मोह झाला होता, पण त्यांनी तो टाळला आणि ते योग्यच झाले. पैशाचा उपकार मध्ये आला असता तर पुढचा जो नकार या प्रकरणात महत्त्वाचा ठरला, तो विद्यार्थिनीला देता आला असता असे मला वाटत नाही.

पहिले महिने

जुलै 2024 च्या अखेरीस पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोका पातळी ओलांडली होती आणि पश्चिमेकडच्या अनेक गावांचे रस्ते बंद पडले होते. पाणी ओसरले तरी विद्यार्थिनीच्या घरची कामे संपली नव्हती आणि ऑगस्टमधील पहिल्या दोन भेटींना ती आली नाही. तिने फोनही केला नाही. मार्गदर्शिकेला वाटले की मुलीला यात रस नाही. येथे पहिला छोटा निर्णय घ्यावा लागला: तिच्या येण्याची वाट पाहायची की आपण चौकशी करायची. चौकशी केल्यावर कळले की न येण्याबद्दल फोन करून सांगणे हे तिला 'मॅडमना त्रास देणे' वाटत होते. ज्यांना सोबतीची सर्वांत जास्त गरज असते, तीच मुले बहुधा अशी गप्प राहून गळतात, म्हणून गैरहजेरीवरून निष्कर्ष काढू नये, हा धडा आमच्या पुढच्या सर्व जोड्यांना उपयोगी पडला.

पहिली खरी भेट राजारामपुरीत झाली. मार्गदर्शिकेने सोबत एक कास्टिंग आणि बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर आणला होता. माप घ्यायला सांगितल्यावर विद्यार्थिनीने ते अचूक घेतले, दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत, आणि मग म्हणाली, "बहुतेक इतकं असंल." मार्गदर्शिकेने शाबासकी दिली नाही. पुन्हा मोजायला सांगितले. तोच आकडा आला. तेव्हा त्यांनी स्वतः मुद्दाम वेगळा आकडा सांगितला आणि विचारले, "मग कोणाचं चुकलं?" मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि शेवटी म्हणाली, "मी परत मोजतो, मॅडम." तिसऱ्यांदा मोजून तिने आपलाच आकडा सांगितला आणि या वेळी 'बहुतेक' गळले होते.

पुढचे तीन महिने मार्गदर्शिकेने तिला धीराच्या गोष्टी फारशा सांगितल्या नाहीत. प्रत्येक भेटीत एखादी वस्तू, एखादे ड्रॉइंग किंवा एखादा तक्ता असे आणि शेवटी एकच प्रश्न: घ्यायचे की नाकारायचे? उत्तर काहीही असो, त्याचे कारण द्यावे लागे. मला त्या वेळी ही पद्धत कोरडी वाटली होती आणि मुलीशी थोडे मनमोकळे बोलावे असे मी सुचवलेही होते. नोंदी पुन्हा वाचताना दिसते ते असे की मनमोकळे बोलणे डिसेंबरात विद्यार्थिनीनेच सुरू केले, आणि त्याच सुमारास 'मॅडम'च्या 'ताई' झाल्या.

प्रोजेक्ट

डिप्लोमाच्या पाचव्या सत्रात प्रोजेक्टची आखणी आणि सहाव्या सत्रात प्रत्यक्ष काम असते. विद्यार्थिनीच्या गटात चार मुले होती. त्यांनी एका फाउंड्रीतील, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यातील, रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारली जाणारी कास्टिंग) हा विषय घेतला होता. चार जण फाउंड्रीत जाणार आणि ती फाइल लिहिणार, असे ठरून गेले होते. तिचे अक्षर चांगले आहे, हे कारण होते.

मार्गदर्शिकेपुढे येथे खरा पेच होता. ती फाउंड्री त्यांच्या ओळखीची होती. एक फोन केला असता तर मालकांनीच मुलीला बोलावून घेतले असते. दुसरा मार्ग कॉलेजमधील प्रोजेक्टच्या सरांना सांगण्याचा होता. तिसरा मार्ग म्हणजे काहीच न करता मुलीला गटात स्वतःचे काम मागू देणे, आणि यात ती मागणारच नाही ही शक्यता मोठी होती. त्यांनी तिसरा मार्ग घेतला, पण मुलीला रिकाम्या हाताने पाठवले नाही. गटातील मुलांनी आणलेल्या रिजेक्शनच्या आकड्यांत तारीख आणि कामाची पाळी लिहिलेली नाही, हे तिच्याच नजरेस येईल अशा रीतीने तो कागद तिच्यासमोर ठेवला. पुढच्या आठवड्यात ती गटाला म्हणाली की हे आकडे असे लिहून फाइल पूर्ण होणार नाही, पाळीनुसार नोंद लागेल, ती मी घेतो. तिचे म्हणणे कामाच्या गरजेतून आलेले असल्यामुळे कोणाला त्यावर वाद घालता आला नाही. मुलींना संधी द्या असे म्हणून ती गेली असती तर बहुधा हसून सोडून दिले गेले असते.

जानेवारी 2025 पासून ती आठवड्यातून दोन दिवस फाउंड्रीत जाऊ लागली. कोल्हापूरच्या फाउंड्रीत अजूनही बाईमाणूस दिसले की काम थांबून पाहणारे असतात. सुरुवातीला सुपरवायझरांनी तिला ऑफिसात बसवून रजिस्टर दिले. रजिस्टरवरून तिने एक महिन्याच्या रिजेक्शनचा तक्ता केला, दोषांची प्रकारवार विभागणी केली, आणि ब्लोहोल (कास्टिंगमध्ये राहणारी पोकळी) हा दोष साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या पाळीत इतर दिवसांपेक्षा स्पष्टपणे जास्त येतो, असे तिच्या लक्षात आले.

हे का होत असावे, यावर दोघींनी मिळून विचार केला. साच्याची वाळू रोज फिरत असते आणि ओतकामामुळे गरम असते. गरम वाळूतले पाणी लवकर उडून जाते, म्हणून मिक्सरवरचा कामगार सवयीने जास्त पाणी घालतो. सुटीनंतर वाळू थंड असते, पाणी मात्र सवयीइतकेच पडते. ओलावा वाढतो, त्यावर सुमारे 1,400 अंश सेल्सिअसचे वितळलेले लोखंड ओतले की वाफ होते, आणि ती बाहेर निघाली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. पुस्तकातले हे ज्ञान तिला होतेच. ते समोरच्या वाळूला लागू पडते की नाही, हे तपासायचे होते.

ओलावा मोजण्याचे यंत्र फाउंड्रीत होते, पण रोज वापरले जात नव्हते. वजन केलेला वाळूचा नमुना आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड बंद डब्यात हलवली की पाण्याशी क्रिया होऊन ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि त्याच्या दाबावरून ओलाव्याचे प्रमाण डायलवर दिसते. सुटीनंतरच्या पाळीला सकाळी सातला हजर राहून नमुने घ्यायचे तर गावातून पहिल्या एसटीने निघावे लागणार होते. आईने पहाटेच्या धारा एकटीने काढायचे कबूल केले आणि विद्यार्थिनीने सलग काही आठवडे ते नमुने घेतले. ओलावा खरोखरच जास्त निघाला. तिने तक्ता सुपरवायझरांपुढे ठेवला, तेव्हा ते आधी म्हणाले की तीस वर्षे आम्ही हाताने वाळू दाबून ओळखतोय. ती म्हणाली, "मामा, तुमचा हात बाकीच्या दिवशी बरोबरच येतोय. ह्या एका पाळीला यंत्र लावून बघूया." त्या पाळीला पहिल्या मिक्सिंगआधी ओलावा मोजण्याची पद्धत तेथे सुरू झाली आणि पुढच्या आठवड्यांत ब्लोहोलच्या तक्रारी कमी झाल्या.

मार्गदर्शिकेने या सगळ्यात एकदाही फाउंड्रीत फोन केला नाही. मार्चमध्ये त्या मालकांना भेटल्या, तेव्हा ही मुलगी मार्गदर्शिकेच्या ओळखीची आहे हे मालकांना प्रथमच कळले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा संयम होता, कारण यश कोणाच्या शिफारशीचे आहे अशी शंका मुलीच्या स्वतःच्या मनात राहिली नाही.

स्थळ

फेब्रुवारीत स्थळ आले. मुलगा कागल तालुक्यातला, पुण्याजवळ एका कंपनीत कायम नोकरीला, घरची शेती चांगली. चुलत्यांनी आणलेले स्थळ होते आणि पाहण्याचा कार्यक्रम ठरण्याच्या बेतात होता. मुलाकडच्यांनी लग्नानंतर शिकायला हरकत नाही असेही कळवले होते. विद्यार्थिनीने मार्गदर्शिकेला रात्री फोन केला आणि तुम्ही आबांशी (वडिलांशी) बोला म्हणून विनवले.

या विनंतीला काय उत्तर द्यावे, यावर आमची बैठक झाली. मार्गदर्शिकेने घरी जाऊन बोलणे हा एक पर्याय होता. वडील त्यांचा मान ठेवीत असल्याने तो बहुधा यशस्वीही झाला असता, पण बाहेरच्या बाईने घरात लुडबूड केली हा डाग राहिला असता आणि पुढच्या प्रत्येक प्रसंगी मुलगी पुन्हा फोन करीत राहिली असती. निवृत्त शिक्षकांकरवी निरोप देणे हा दुसरा. तिसरा पर्याय मुलीनेच बोलण्याचा. मुलगी सज्ञान होती, तिच्यावर जबरदस्तीची किंवा मारहाणीची शक्यता दिसत नव्हती, म्हणूनच हा तिसरा पर्याय विचारात घेता आला. तशी शक्यता असती तर तिला एकटीने बोलायला सांगणे बेजबाबदारपणाचे झाले असते आणि आम्ही वेगळा निर्णय घेतला असता. हा फरक मी मुद्दाम नोंदवतो, कारण धीर देण्याच्या नावाखाली मुलींना धोक्यात ढकलणारे सल्लेही पाहण्यात येतात.

मार्गदर्शिकेने तिला दोन प्रश्न विचारले. तुला लग्नच नको आहे की आत्ता नको आहे? आणि आत्ता नको, तर कधीपर्यंत? पहिल्याचे उत्तर लगेच आले, दुसऱ्याला तिला चार दिवस लागले. मग तिने एक कागद तयार केला. राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये काढलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. केंद्रीभूत प्रवेशफेरीतून प्रवेश घेतला तरच ती माफी मिळते. याखेरीज एसटीत महिलांना अर्धे तिकीट, वह्या-पुस्तकांचा अंदाज, जेवणाचा डबा घरचा. खर्च म्हणून जे उरले, ते तिने प्रत्येक महिन्यापुढे लिहिले.

बोलणे स्वयंपाकघरात झाले. आई, वडील आणि सणाला आलेली आत्या होती. वडील आधी म्हणाले, "तुझं बरोबर असंल पोरी, पर भावकीत तोंड मला दाखवायचं हाय." तिने लग्नाला नकार दिला नाही. परीक्षा आणि निकाल होईपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, कोणतेही स्थळ पुढे न्यायचे नाही आणि त्यानंतर पहिला निर्णय शिक्षणाचा किंवा नोकरीचा, एवढीच मुदत तिने मागितली. कागद पाहून वडील गप्प झाले. आई म्हणाली, दुधाचे बिल माझ्या नावावर येते, एसटीचा खर्च त्यातून मी भागवतो. आत्याने भावाला सुनावले की मला कोणी विचारले नव्हते, हिला तरी विचारा. ही आत्या आमच्या कोणाच्याही हिशेबात नव्हती.

मुलाकडे निरोप गेला आणि त्यांनी अक्षय्य तृतीयेच्या आत दुसरीकडे जमवले. याची किंमत घराला मोजावी लागली. चुलत्यांनी काही महिने बोलणे टाकले, उसाच्या तोडणीच्या वेळी मिळणारी मदतही थांबली, आणि विद्यार्थिनी त्या काळात स्वतःला दोष देत होती. फेब्रुवारीच्या अखेरपासून मार्गदर्शिका कारखान्यातील वर्षअखेरच्या ऑडिटमध्ये अडकल्या आणि जवळजवळ महिनाभर दोघींची भेटच झाली नाही. नेमक्या त्याच महिन्यात तिला सोबत हवी होती.

डिप्लोमानंतर

जूनमध्ये निकाल चांगला लागला. तिच्यासमोर चार वाटा होत्या. चाकणच्या एका कंपनीने कॉलेजमधून निवड करून ट्रेनी म्हणून बोलावले होते. वडिलांना पोलीस भरती हवी होती. गावातल्या दोन मुली त्यात लागल्या होत्या आणि सरकारी नोकरीची वडिलांना खात्री वाटत होती. मार्गदर्शिकेचा आग्रह थेट द्वितीय वर्षात पदवीला प्रवेश घेण्याचा होता, आणि तो आग्रह स्वतःच्या आयुष्यातून आलेला असल्यामुळे ठाम होता. चौथी वाट ज्या फाउंड्रीत प्रोजेक्ट केला तेथेच एक वर्षाच्या ॲप्रेंटिसशिपची होती. डिप्लोमाधारकाला 2019 च्या नियमांनुसार दरमहा किमान 8,000 रुपये विद्यावेतन ठरलेले होते.

पोलीस भरती तिने स्वतःहून बाजूला केली: 800 मीटर आणि गोळाफेकीची तयारी मनापासून करावीशी वाटत नाही, आणि मनापासून न केल्यास जागा मिळत नाही, हे तिने वडिलांना सरळ सांगितले. चाकण दूर होते आणि ट्रेनीचे काम एकाच मशीनवरचे होते. राहिल्या दोन वाटा. मार्गदर्शिकेने पदवीच्या बाजूने सगळे मुद्दे मांडले: शुल्कमाफी आज आहे, पुढच्या वर्षी नियम बदलू शकतात, एकदा पगार हातात आला की शिक्षण सुटते, घरच्यांची संमती पुन्हा मिळेल याची शाश्वती नाही. हे मुद्दे खरे होते आणि मीही त्यांच्याच मताचा होतो.

विद्यार्थिनीने एका आठवड्याने उत्तर दिले. ती पदवी करणार होती, पण एक वर्ष फाउंड्रीत काम करून. तिची कारणे दोन होती. घराला त्या वर्षी पैशाची निकड होती आणि चुलत्यांशी बिघडलेले सावरायचे तर ती नुसती शिकत बसली आहे असे दिसून चालणार नव्हते. दुसरे कारण तिने अधिक सविस्तर सांगितले: वाळूचा प्रश्न तिला समजला होता, ओतण्याच्या तापमानाचा समजला नव्हता, आणि वर्गात बसण्याआधी तो तिला प्रत्यक्ष पाहायचा होता. म्हणाली, "ताई, तुम्ही सांगताय ते चूक नाही. पण हे मी ठरवलंय."

मार्गदर्शिका नाराज झाल्या आणि त्यांनी ते लपवले नाही. दोन भेटींनंतर त्यांनी विरोध सोडला आणि एकच अट घातली: पुढच्या वर्षीच्या प्रवेशफेरीसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी आणि प्रत्येकाची तारीख आजच लिहायची. ज्या मुलीने वर्षभरापूर्वी स्वतः मोजलेल्या मापावर ठाम राहायला तीन खेपा घेतल्या, तिने जिच्यावर सर्वांत जास्त विश्वास होता त्या व्यक्तीला कारणे देऊन नकार दिला. आत्मविश्वास वाढला असे म्हणण्यासाठी याहून भक्कम पुरावा मला दिसत नाही. महत्त्वाकांक्षेचेही तसेच: ओतण्याचे तापमान समजून घ्यायचे आहे, ही तिची पहिली इच्छा होती जी कोणी सुचवलेली नव्हती.

निष्पत्ती

जुलै 2025 पासून ती ॲप्रेंटिस म्हणून काम करते. भट्टीवरच्या तापमानाच्या नोंदी तिच्याकडे आहेत आणि त्यांवरून ओतकाम थांबवण्याची सूचना देण्याची मुभा तिला नोव्हेंबरात मिळाली. विद्यावेतनातील काही रक्कम ती आईकडे देते, काही पदवीसाठी बाजूला ठेवते. चुलत्यांचे येणे-जाणे दिवाळीत पुन्हा सुरू झाले. लग्नाचा विषय मिटलेला नाही; पदवीच्या दुसऱ्या वर्षानंतर पाहू, असे सध्या घरात ठरले आहे आणि ते तसेच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. मोठ्या बैठकीत इंग्रजीत बोलायची वेळ आली की ती अजूनही मागे सरते.

वेगळे काय करता आले असते

फेब्रुवारी-मार्चमधील खंड टाळता आला असता. मार्गदर्शक नोकरी करणारे असतात आणि मार्चअखेर सर्वांनाच जड जाते, हे आधीपासून ठाऊक होते. अशा काळासाठी प्रत्येक जोडीमागे दुसरी एक परिचित व्यक्ती ठरवून ठेवायला हवी. वडिलांशी संबंधही पहिल्या भेटीनंतर सैल सोडला गेला. दोन-तीन महिन्यांतून एकदा त्यांना फाउंड्री दाखवली असती, मुलगी तेथे काय करते हे त्यांनी पाहिले असते, तर फेब्रुवारीतील बोलणे तिला इतके जड गेले नसते. ते प्रत्यक्षात फाउंड्रीत प्रथम आले ते ॲप्रेंटिसशिपच्या कागदांवर सही करायला. प्रोजेक्टच्या सरांना या सगळ्याची कल्पना नव्हती. मुलींकडे फाइल आणि मुलांकडे मशीन ही वाटणी कॉलेजच्या पातळीवर बदलायला हवी. एका मुलीने ती आपल्यापुरती मोडली म्हणून पुढच्या तुकडीतल्या मुलींची सुटका होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा विचार मात्र एकटेपणाचा आहे. शाहू महाराजांनी 1918 मध्ये धाकट्या मुलाच्या अपघाती मृत्यूनंतर विधवा सून इंदुमतीदेवी यांना शिकवायचे ठरवले, तेव्हा राजघराण्यातल्या विरोधाला न जुमानता सोनतळी येथे त्यांची सोय केली आणि त्यांच्यासोबत शिकायला इतर मुलीही ठेवल्या. या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आमच्या रचनेत नव्हती. आमच्या विद्यार्थिनीला मार्गदर्शिका होती, पण त्याच वाटेवरची बरोबरीची मैत्रीण नव्हती. स्थळ आल्यावर तिने ज्या चार दिवसांत उत्तर शोधले, त्या चार दिवसांत तिच्याशी बोलायला समवयस्क कोणीच नव्हते.

म्हणून ऑगस्ट 2025 च्या तुकडीपासून आम्ही एका मार्गदर्शिकेमागे शक्यतो एकाच भागातून येणाऱ्या, एकाच एसटीने प्रवास करणाऱ्या दोन विद्यार्थिनी देत आहोत. यात अडचण अशी येते की दोघींपैकी एक बोलकी असेल तर दुसरी तिच्या आडोशाला राहते, आणि त्यावर उपाय म्हणून दर दोन भेटींमागे एक भेट स्वतंत्र ठेवली आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर या जोड्यांच्या नोंदी पूर्वीच्या नोंदींशी ताडून पाहणार आहोत.